भांडणाची विहीर आणि शांतीची शाळा
(मननासाठीं वाचावें : उत्पत्ति २६:१७-३१)



पाण्यावरून तंटे कसे होतात, हें आपल्या भागांतील लोकांस कोणीं शिकवावयास नको. इसहाकावरही तोच प्रसंग आला. त्याच्या चाकरांनीं गराराच्या खोऱ्यांत विहीर खणिली, तोंच तेथील गुराखी हक्क सांगत धांवून आले. इसहाकानें त्या विहिरीस एसेक, म्हणजे भांडण, असें नांव दिलें. दुसरी खणिली, तिच्यावरूनही तंटा झाला. तिचें नांव सितना, म्हणजे वैर. तिसरीवरून मात्र कोणी भांडलें नाहीं. तिचें नांव रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा.

ही कथा आज शाळांच्या संबंधानें वाचावी असें आम्हांस वाटतें. भांडणाच्या विहिरीपासून वैराच्या विहिरीपर्यंत अंतर फार थोडें असतें, आणि तें अंतर मूल बहुधा शाळेच्या वयांतच चालून जातें. नळापाशीं कोणीं कोणास ढकलिलें, एवढ्याशा गोष्टीचा सायंकाळपर्यंत दोन आळ्यांचा वाद होतो. कारण घरीं गेल्यावर ढकलणाऱ्याची जात व धर्म विचारणारीं मोठीं माणसें बसलेलीं असतात.

नळदुर्गाच्या लोकांस हें हलकें वाटूं नये. १९४८ सालीं सप्टेंबरच्या १३ तारखेस हिंदी सैन्य सोलापूरच्या वाटेनें नळदुर्गास आलें, आणि थोड्याच दिवसांत निजामाची सत्ता संपली. त्यापूर्वीं रझाकारांनीं खेड्यापाड्यांतील लोकांचा छळ केला होता. त्यानंतर पुष्कळ निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगविण्यांत आला. पंडित सुंदरलाल ह्यांच्या समितीनें ज्या चार जिल्ह्यांत सर्वांत अधिक हानि झाल्याचें लिहिलें, त्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, हा एक होता. सूड घेणारे हात एका दिवसांत तयार होत नाहींत. ज्यांचे ते हात होते, तेही कधीं काळीं कोणाचीं लेंकरेंच होते.

तर मग मुलांस काय शिकवावें? पहिली गोष्ट ही कीं, राग दडपूं नये; त्यास वाट द्यावी. नळदुर्गाच्या किल्ल्यांत बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळीं बांधलेला बंधारा आपण पाहिला असेल. पावसाळ्यांत नदी भरून आली म्हणजे नर व मादी ह्या दोन वाटांनीं पाणी खालीं कोसळतें, आणि बंधाऱ्याच्या पोटांतील पाणीमहालांत उभा असलेला मनुष्य कोरडा राहतो. पाण्याला वाट नसती, तर त्यानें ती भिंत फोडूनच काढिली असती. गप्प बसा, एवढेंच सांगणारा शिक्षक वाट न ठेवितां भिंत बांधितो. ज्यानें राग केला त्यास आधीं पुरें बोलूं द्यावें. मग दुसऱ्यानें तेंच आपल्या तोंडानें परत सांगावें. त्यानंतर त्यानें आपली बाजू मांडावी. ह्या साध्या रीतीनें निम्मी भांडणें तेथेंच ओसरतात.

दुसरी गोष्ट. शांति म्हणजे दुर्बळानें मुकाट्यानें सोसणें नव्हे. इसहाक पुढें गेला खरा. पण अबीमलेख त्याच्या भेटीस आला, तेव्हां माझा द्वेष करून तुम्हीं मला घालविलें, आतां कां आलां, असें त्यानें तोंडावर विचारिलें. सत्य बोलून झाल्यावरच त्यानें मेजवानी केली आणि शपथ वाहिली. आपल्या प्रभूनेंही मत्तयाच्या अठराव्या अध्यायांत हाच क्रम घालून दिला : प्रथम एकांतीं बोलावें, मग एकदोन साक्षी न्यावे, आणि शेवटीं मंडळीपुढें जावें. ज्या वर्गांत मार खाणाऱ्यासच समजूत घालण्यांत येते, तेथें शांति नाहीं, केवळ शुकशुकाट आहे.

तिसरी गोष्ट. हें शिक्षण उपदेशानें होत नाहीं, वहिवाटीनें होतें. देशाच्या २००५ च्या अभ्यासक्रम आराखड्यानें शांतीच्या शिक्षणास स्थान दिलें. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यांत २००९ पासून जिल्हा परिषदेच्या शाळांत मूल्यवर्धन नांवाचा उपक्रम सुरू झाला. त्यांत मुलें जोडीनें व गटानें शिकतात आणि वर्गाचे नियम स्वतः ठरवितात. स्वतः केलेला नियम मोडावयास मूल लाजतें. १९९३ च्या भूकंपानें निराधार झालेल्या मुलांसाठीं राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनीं नळदुर्गाजवळ ‘आपलं घर’ उभें केलें. एका संकटानें निरनिराळ्या गांवांचीं लेंकरें तेथें एका छपराखालीं आणिलीं; एकत्र जेवणें व एकत्र राहणें हाच ज्या मुलांचा रोजचा धडा, त्यांस परका कोण हें शिकविणें कठीण जातें.

परंतु शाळेनें जें सकाळीं पेरावें, तें घरानें रात्रीं उपटावें, असें झालें तर काय उपयोग? १५ ऑगस्ट २००७ पासून महाराष्ट्रांत तंटामुक्त गांव मोहीम निघाली, गांवोगांव समित्या झाल्या, बक्षिसेंही मिळालीं. पण समितींत तंटा मिटवून आलेला बाप घरीं चुलीपाशीं शेजाऱ्याची निंदा करील, तर मूल कोणता धडा गिरवील? आणि आम्ही ख्रिस्ती म्हणविणारेही ह्यांतून सुटत नाहीं. मंडळींत दोन तट पडून वर्षानुवर्षें एकमेकांच्या घरचें पाणी न पिणारीं कुटुंबें आम्हीं पाहिलीं आहेत; त्यांचीं मुलें शब्बाथ शाळेंत वेगवेगळ्या बांकांवर बसतात.

म्हणून ह्या आठवड्यांत एक काम करूं या. आपलें मूल भांडून घरीं आलें, तर दुसऱ्याची जात विचारण्यापूर्वीं, तो काय म्हणाला आणि त्याला कां तसें वाटलें असेल, हें त्यास विचारूं या. ज्याच्याशीं आपलें बोलणें बंद आहे, त्याच्या दारीं आपण स्वतः एकदां जाऊं या, आणि जातांना मुलास बरोबर नेऊं या. पहिली विहीर भांडणाची निघाली, दुसरी वैराची निघाली, तरी इसहाकानें खणणें सोडिलें नाहीं. तिसरी विहीर खणण्याचें बळ देव आपणांस व आपल्या लेंकरांस देवो. आमेन.