गोंगाट आणि साक्ष

गेल्या पावसाळ्यात माझ्या नातवाने एक चित्रफीत माझ्यापुढे ठेवली. निपाणीच्या तंबाखू वखारीत उमेदीची वर्षे राबलेल्या, आता ऐंशीच्या घरात असलेल्या शेजारच्या आजींच्या आठवणी त्याने मोबाइलवर टिपल्या होत्या. मूळ प्रतीत पंख्याची घरघर होती, रस्त्यावरचे भोंगे होते आणि आजींचा अधूनमधून उठणारा ठसका होता. संगणकावर संपादित केलेल्या प्रतीत आजींचे बोलणे तेवढे उरले होते. स्वच्छ आणि सलग. “आजोबा, आता कसं वाटतं?” त्याने विचारले. “छान,” मी म्हणालो. पण मन मात्र म्हणाले, या आजी आपल्या ओळखीच्या नाहीत.

ही किमया कशी साधते ते त्याने मला समजावून दिले. कोणी बोलत नसतानाचा एखाद-दुसरा सेकंद संगणकाला नमुना म्हणून द्यायचा. त्यात कोणत्या पट्टीतला आवाज किती आहे हे तो मोजतो आणि तेवढा अंश संपूर्ण ध्वनिमुद्रणातून उणा करतो. विजेची ५० हर्ट्‌झची गुणगुणही अशीच वेगळी काढता येते. मात्र हात सैल सुटला, की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटू लागतो. ‘स’, ‘श’ ही व्यंजने मुळात सुसाट वाऱ्याच्या जातीची. गोंगाटाबरोबर तीही झिजतात. म्हणजे गोंगाट आणि वाणी यांमधली सीमारेषा यंत्रालाही ठामपणे आखता येत नाही. ठसका काढायला तर यंत्राचा हिशेबही पुरत नाही. तिथे संपादकाची कात्रीच लागते.

मग आपण ती रेषा कुठे आखावी? पंख्याची घरघर खुशाल जावी. तिला काही सांगायचे नाही. पण ठसका? वर्षानुवर्षे तंबाखू चाळताना नाकातोंडात गेलेल्या धुळीबद्दल आजी जे बोलतात, त्याची तो ठसका साक्ष देतो. मध्येच दारातून कोणी कन्नडमध्ये हाक मारते, आजी कन्नडमध्येच उत्तर देतात आणि पुन्हा मराठीत कथेचा धागा उचलतात. नातवाने तेही ‘अडथळा’ म्हणून कापले होते. सीमाप्रश्नावरील माझी मते काहीही असोत. आमच्या गल्लीत कन्नड कधी ऐकूच येत नव्हती असे उद्याच्या श्रोत्याला वाटले, तर ती माझ्या घरातून निघालेली लबाडी ठरेल.

या आवाजांचे मोल इतरांनीही जाणले आहे. १९८२ साली ‘युगांतर’ या गटाने दीपा धनराज यांच्या दिग्दर्शनाखाली निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवर माहितीपट केला. पुढे बर्लिनच्या आर्सेनाल संस्थेने त्याचे डिजिटल पुनरुज्जीवन केले. अशा कामात संपादकाला पावलोपावली हाच प्रश्न भेटत असणार: वखारीतला कामाचा आवाज हा बोलण्यातला व्यत्यय, की बोलण्याचा विषय?

मी नातवाला घेऊन आजींकडे गेलो. त्या माझ्या बाजूने बोलतील अशी माझी खात्री होती. त्या म्हणाल्या, “खोकला काढून टाक की रं बाळा, चार लोकांत बरं दिसत न्हाई.” मी निरुत्तर झालो. ज्याला मी साक्ष म्हणत होतो, ती त्यांच्या लेखी लाज होती. आणि साक्षीदाराची अब्रू ही साक्षीहून हलकी नसते.

तोडगा मला माझ्या जुन्या नोकरीत सापडला. सरकारी नस्तीत चूक झाली, तर ती खरवडून पुसायची नसते. मूळ अक्षर वाचता येईल अशी एकच रेघ मारून शेजारी सही करायची. पुण्याच्या भांडारकर संस्थेनेही १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना नाकारलेले पाठ फेकून दिले नाहीत, तळटीपांत जपले. शुद्धी करण्यात पाप नाही. शुद्धी केल्याची खूण पुसण्यात आहे.

त्याप्रमाणे ठसका वगळलेली प्रत आजींच्या इच्छेनुसार नातेवाइकांना दिली. ‘आवाज संस्कारित’ असे तिच्या आरंभी लिहिले. कन्नड संवाद मात्र परत जोडला. त्याला आजींची काहीच हरकत नव्हती. मूळ प्रत, त्यांच्याच संमतीने, कपाटात जपून ठेवली आहे. ती कोणी कधी ऐकावी हे त्यांनी ठरवायचे आहे. त्यांनी अजून सांगितलेले नाही, आणि मीही विचारलेले नाही.