रुसलेला हापूस

पौष लागला, शेजारच्या बागेत मोहोराचा वास सुटला, आणि आपलं कलम मात्र तांबूस कोवळ्या पालवीने लवलवलेलं! हापूसचं हे नेहमीचंच. एक वर्ष लगडतो, दुसऱ्या वर्षी रुसतो. फळं पोसून दमलेली काडी आधी स्वतःला सावरते. या रुसण्यावर उपाय म्हणून पावसाळ्यात बुंध्याभोवती पॅक्लोब्यूट्राझोल, म्हणजे बागायतदारांचं कल्टार, ओततात. पालवी आवरते, मोहोर येतो. पण खत न वाढवता दरसाल तेच करणं म्हणजे झाडाकडून उसनवारी. दुसरा उपाय जात बदलण्याचा: वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने १९८१ मध्ये नीलम-हापूस संकरातून ‘रत्ना’ आंबा दिला. तो बऱ्यापैकी नियमित धरतो. तरी आपण लावणार हापूसच! मग निदान काढणीनंतर दाट फांद्या विरळ करा, पाऊस सुरू होताच आळ्यात शेणखत घाला.