जुनी रेकॉर्ड, नवा स्पीकर

मरोळच्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये नवे स्पीकर लागले की पहिलं गाणं कोणतं वाजतं, यावर निम्मा निकाल ठरून जातो. दुकानात ऐकलेलंच लावलं तर पैसे वसूल. तिथलं गाणं निवडलेलंच असं असतं की कुठलाही स्पीकर त्यात देखणा ठरावा: एकटी गिटार, ओठांजवळ माइक धरून गाणारी बाई, मधूनच एखादा खोल ठोका. मग घरातलं कुणीतरी जाणतं माणूस बालगंधर्वांचं पद लावायला सांगतं आणि चेहरे पडतात. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. पन्नास हजार घालवले ते यासाठी का?

आता दोष कुणाचा? बालगंधर्वांच्या सुरुवातीच्या रेकॉर्डी निघाल्या तेव्हा ध्वनिमुद्रणाला वीज नव्हतीच. गवयाने भोंग्यासमोर गायचं, त्या आवाजाच्या जोरावर सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. १९२५च्या सुमारास मायक्रोफोन आला, तोवर जगभर हाच प्रकार होता. साधारण अडीचशे ते अडीच हजार हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातलं त्यात उतरायचं. खाली तबल्याच्या डग्याची घुमारी नाही, वर ‘स’ आणि ‘श’ची धार नाही. जे मेणावर उतरलंच नाही ते कितीही महागडा स्पीकर परत आणून देणार नाही. म्हणजे स्पीकर सुटला म्हणायचा. पण इतक्यात नको. त्या अरुंद पट्ट्यातही एक स्पीकर आवाज नाकात नेतो आणि दुसरा नेत नाही. मग नाकातला आवाज मूळचा की स्पीकरचा, हे कशावरून ठरवायचं? बालगंधर्व १९६७ साली गेले. आपल्यापैकी बहुतेकांसाठी त्यांचा आवाज म्हणजे रेकॉर्डच, आणि ती रेकॉर्ड कशी वाजते ते सांगणार पुन्हा स्पीकरच.

कॅनडातल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये १९६५पासून बरीच वर्षं स्पीकरवर संशोधन केलेले फ्लॉइड टूल या प्रकाराला गोंधळाचं वर्तुळ म्हणतात. स्पीकरची परीक्षा रेकॉर्डवर घ्यायची, पण ती रेकॉर्ड तयार करणाऱ्यानेही कुठल्यातरी स्पीकरवर ऐकूनच ‘हं, आता बरोबर’ म्हटलेलं असतं. यामाहाने १९७८ साली एनएस-१० हा छोटा स्पीकर काढला तो घरांसाठी. घरात तो फारसा रुजला नाही, पण स्टुडिओंमध्ये जाऊन बसला. त्याचा वरचा आवाज इतका टोचायचा की ध्वनिमुद्रक उंच सूर वाजवणाऱ्या ट्वीटरवर टिश्यू पेपर लटकवायचे. टोचणाऱ्या स्पीकरसमोर बसलेला माणूस गाण्यातली धार आपोआप कमी करतो, आणि मग ते गाणं घरच्या सरळ, म्हणजे सगळे सूर सारखे वाजवणाऱ्या स्पीकरवर मलूल वाजतं. ऐकणारा शिव्या देतो स्पीकरला.

यावरचा पिढीजात सल्ला म्हणजे ‘प्रत्यक्ष मैफली ऐका, कान तयार होईल’. सल्ला चांगलाच आहे, पण प्रत्यक्ष म्हणजे काय? पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहात किंवा पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात आपण ऐकतो तो आवाज माइकमधून, मिक्सरमधून आणि तिथल्या स्पीकरमधूनच येतो. तानपुरा केवढा ठेवायचा हे तिथेही कुणीतरी मिक्सरवरचं बटण फिरवून ठरवतं. माइकशिवायची घरगुती बैठक ज्यांना मिळते त्यांचं भाग्य थोर. बाकीच्यांनी ‘मी समोर बसून ऐकलंय’ हे जरा हळूच म्हणावं.

तरी वर्तुळातून बाहेर पडायची एक वाट आहे, आणि ती उत्तम रेकॉर्ड शोधण्याची नाही. वाईट आणि बऱ्या, दोन्ही प्रकारच्या पुष्कळ रेकॉर्डी ऐकण्याची आहे. गीतरामायण घ्या. १ एप्रिल १९५५पासून पुणे आकाशवाणीवरून ते प्रक्षेपित झालं, त्यात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे वेगवेगळे आवाज होते. पुढे छप्पन्नच्या छप्पन्न गीतं संगीतकार सुधीर फडके ऊर्फ बाबूजी यांनी स्वतः गायली आणि एचएमव्हीने ती काढली. चाली त्याच, शब्द तेच, ध्वनिमुद्रणं निरनिराळी. आकाशवाणीच्या ज्या प्रती ऐकायला मिळतात त्या, बाबूजींच्या रेकॉर्डी, आणि हवं तर शेजारी परवाचं एखादं मराठी चित्रपटगीत, असं सगळं एका स्पीकरवर एकामागून एक लावावं. प्रत्येकाच्या गळ्यात तीच एक घोगरी जागा आली, तर ती स्पीकरने घातलेली. एकात आली, दुसऱ्यात नाही, तर ती रेकॉर्डची. सगळ्या गायकांना एकाच वेळी पडसं होत नाही.

खोलीचाही हिशेब असाच निघतो. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये छप्पन्न हर्ट्झच्या आसपासचा सूर घुमतो, बारा फुटांच्या भिंतींमध्ये सत्तेचाळीसच्या. चित्रपटगीतातली बास गिटार तिथे पोचली की सोफा हलतो आणि आपण ‘बास काय भारी आहे’ म्हणतो. ते काम असतं भिंतींचं. गंमत म्हणजे भोंग्यावर घेतलेल्या पदात त्या भागात गाण्याचं काही नसतंच, असली तर सुईची घरघर. तेवढी वजा केली की खोली गप्प बसते आणि जो पट्टा उरतो तो मुख्यतः गळ्याचा. शोरूममधल्या चकचकीत ट्रॅकपेक्षा ही झिजलेली रेकॉर्ड स्पीकरचा मध्य जास्त नेमका उघडा पाडते. जुन्या रेकॉर्डी मोनो आहेत हीसुद्धा सोयच: टूल यांच्या चाचण्यांत एकच स्पीकर मोनोत वाजवला तेव्हा ऐकणाऱ्यांना दोष जास्त स्पष्ट कळले. डाव्या-उजव्याच्या झगमगाटात बरंच काही खपून जातं.

डोळेही मध्ये येतात. टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली तेच स्पीकर तेच श्रोते घेऊन एकदा पडद्याआड आणि एकदा समोर दाखवून वाजवले. दिसताक्षणी गुण बदलले. मरोळमध्ये पडद्याबरोबर घड्याळही लागतं. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर २०१४पासून मेट्रो डोक्यावरून जाते, विमानतळ हाकेच्या अंतरावर, खाली नाक्यावरचे हॉर्न. दिवसा या गोंगाटात टेपची खरखर बुडते. रात्री गोंगाट ओसरतो आणि शेजाऱ्यांसाठी आवाजही कमी ठेवावा लागतो, तेव्हा खरखर वर येते आणि खर्ज पातळ होतो. हलक्या आवाजात कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवलं. काल दुपारी ऐकलेल्या स्पीकरची आज रात्री ऐकलेल्याशी तुलना करण्यात म्हणूनच अर्थ नाही. आणि दोघांचा आवाज सारखा लावल्याशिवायही नाही, कारण जरासा मोठा वाजणारा जिंकतो, हे प्रत्येक विक्रेत्याला ठाऊक असतं.

शौकीन मंडळींमध्ये एक वाक्य ठरलेलं असतं: स्पीकर चांगला घेतलात तर जुनी गाणी ऐकवणार नाहीत. मला ते अर्धवट वाटतं. खरखर कानात घुसते ती बहुधा ट्वीटर एका जागी उसळी मारतो म्हणून. खरखर आणि उसळी एकाच ठिकाणी भेटतात आणि आपण त्याला ‘बारकावे’ म्हणतो. सरळ वाजणाऱ्या स्पीकरवर खरखर ऐकू येतेच, पण ती गाण्याच्या मागे एका पातळीवर राहते आणि थोड्या वेळाने कान तिचा नाद सोडतो. आपल्याकडचं कितीतरी मोलाचं गाणं आकाशवाणीच्या टेपांवर आणि कुणीतरी पहिल्या रांगेत बसून भरलेल्या कॅसेटींवर आहे. ते पुन्हा गायलं जाणार नाही. नवं गाणं सुधारून पुन्हा येईल, फोनसाठी वेगळं, थिएटरसाठी वेगळं. म्हणून दुकानात जाताना मी पेन ड्राइव्हवर अशी एखादी खराब कॅसेट भरून नेतो. ती लावल्यावर विक्रेता अस्वस्थ होतो, ‘साहेब, रेकॉर्डिंगच खराब आहे’ म्हणतो आणि हात आपल्या गिटारवाल्या ट्रॅककडे नेतो. त्याला थांबवून मी एवढंच पाहतो, की बंदिशीचे शब्द कळतात का, आणि दहा मिनिटांनी मी अजून ऐकतोय की आवाज कमी करायला सांगितलाय.