जागे राहा, प्रार्थना करा



२७ जानेवारी १९६७. अमेरिकेत केप केनेडी येथे अपोलो यानाची चाचणी जमिनीवरच चालू होती. रॉकेटमध्ये इंधन नव्हते, म्हणून ती धोक्याची मानली गेली नाही. यानात मात्र दाबाखाली शुद्ध प्राणवायू भरलेला होता. संध्याकाळी आग लागली. दार आतल्या बाजूला उघडणारे. दाबामुळे ते उघडेना. गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चाफी हे तिघे अंतराळवीर मरण पावले.

आदल्या ऑगस्टमध्येच यानातील नायलॉनसारख्या ज्वलनशील वस्तूंची काळजी तिघांनी बोलून दाखवली होती. हात जोडून प्रार्थना करतानाचा आपला फोटोही त्यांनी अधिकारी जोसेफ शे यांना थट्टेने भेट दिला होता. शे यांनी त्या वस्तू काढण्यास सांगितले. पण त्या निघाल्या का, हे जातीने पाहिले नाही.

कोणाच्याही मनात वाईट नव्हते. मिस्साच्या आरंभी आपण कर्तव्यातील ज्या कसुरीची क्षमा मागतो, ती बहुधा अशीच असते. "मी सांगितलं होतं" म्हणून आपण मोकळे होतो. गेथशेमानी बागेत प्रभूने शिष्यांना नुसती प्रार्थना करायला नव्हे, तर जागे राहायलाही सांगितले.

पुढे यानाचे दार बाहेर, काही सेकंदांत उघडेल असे केले गेले. त्या तिघांसाठी मात्र उशीर झाला होता.

या आठवड्यात, घरी वा कामावर, जे नुसते सांगून सोडले आहे, ते एकदा स्वतः जाऊन पाहू या. प्रभू आपणांस जागे ठेवो.

आपला,
फादर