मात्रा कुणाच्या सोयीची?

औषध रोग्यासाठी असते, याविषयी दुमत होणार नाही. परंतु औषधाचे वेळापत्रक कुणासाठी असते? नियम माणसासाठी की माणूस नियमासाठी, हा शब्बाथाच्या वादाइतका जुना प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो.

तुमसर तालुक्यातील नाकाडोंगरीच्या परिसरात मँगनीजच्या खाणी आहेत. अशा कष्टकरी मुलखात क्षयरोग हा शब्द परका नाही. या रोगावरील सुधारित राष्ट्रीय कार्यक्रम १९९७ साली सुरू झाला, तेव्हा गोळ्या आठवड्यातून तीनच दिवस दिल्या जात. सुरुवातीच्या टप्प्यात प्रत्येक मात्रा आरोग्यसेवकासमोर घ्यावी लागे. हेतू वाईट नव्हता. मनुष्यबळ तोकडे होते. तीन दिवसांची देखरेख शक्य होती, रोजची नव्हती.

तथापि जंतूंना आपली अडचण कळत नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार असा क्रम असता शुक्रवारची मात्रा चुकली, तर दोन मात्रांमध्ये पाच दिवसांचे अंतर पडते. रोज औषध घेणाऱ्याची एक मात्रा चुकली, तर हे अंतर दोनच दिवसांचे राहते. अशा खंडांमुळे रोग उलटण्याचा आणि औषधाला न जुमानणारे जंतू निपजण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये शक्य तेथे दैनिक मात्रेची शिफारस केली. आपल्याकडे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जानेवारी २०१७ मध्ये नऊ महिन्यांची मुदत ठरली आणि त्याच वर्षी देशभर दैनिक उपचार आले. पुढे गोळ्यांची संख्याही वजनानुसार ठरली: ३५ ते ४९ किलो वजनास ३, तर ५० ते ६४ किलोस ४. सर्वांना सारखेच देणे म्हणजे न्याय नव्हे. ज्याला जेवढे हवे तेवढे देणे, हाच न्याय.

रोजची गोळी घरी सोपविणे म्हणजे रोग्यावर विश्वास टाकणे. हा विश्वास निराधार नाही. गरीब घरांत राहून औषध घेणारे रोगीही आरोग्यधामातील रोग्यांइतकेच बरे होतात, हे मद्रासच्या अभ्यासाने १९५९ मध्येच दाखविले होते.

मात्र विश्वासाबरोबर कर्तव्यही येते. उपचार सहा महिन्यांचा असतो; खोकला त्याच्या कितीतरी आधी थांबतो. बरे वाटताच गोळ्या सोडणारा आपल्याबरोबर शेजाऱ्याचेही आरोग्य पणाला लावतो. अशा वेळी केवळ उपदेश करून भागत नाही. पाचव्या महिन्यातही रोज न चुकता गोळी आणि पाण्याचा पेला त्याच्या हाती देणारे कुणीतरी घरात असावे लागते.