पहिल्या दिवसाची भाकर

शास्त्रपाठ : १ राजे १९:१-८



फ्रान्सच्या नैर्ऋत्य टोकाला, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी सँ-जाँ-प्ये-द-पोर नावाचे छोटेसे गाव आहे. तेथून स्पेनमधील सांतियागो द कॉम्पोस्तेला या नगरीपर्यंत सुमारे ७८० किलोमीटरची यात्रेची वाट जाते. जब्दीचा पुत्र प्रेषित याकोब याची कबर त्या नगरीच्या महामंदिरात आहे, अशी परंपरागत श्रद्धा आहे. म्हणून हजाराहून अधिक वर्षे भाविक तिकडे पायी जात आले आहेत. पाठीवर ओझे, हातात काठी आणि यात्रेकरूची खूण म्हणून एक शिंपला.

या यात्रेचा विचार करताना माझे मन तिच्या पहिल्या दिवसापाशीच थबकते. कारण या वाटेवरील अत्यंत कठीण चढण पहिल्याच दिवशी येते! गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १७० मीटर उंचीवर, तर त्याच दिवशी ओलांडावयाची लेपोएदेर खिंड सुमारे १,४३० मीटरवर. एकूण चाल सुमारे पंचवीस किलोमीटरची. वर वारा, धुके आणि थंडी यांचा नेम नसतो. हिवाळ्यात तर हा डोंगरमार्ग बंद ठेवून यात्रेकरूंना वाल्कार्लोसच्या खोऱ्यातून पाठवितात. पुढे कित्येक दिवस सपाट मैदानातून जावयाचे असते. परंतु तोपर्यंत पाय सरावलेले असतात. पहिल्या दिवशी मात्र पाय नवखे, पादत्राणे नवी आणि पाठीवरचे ओझे गरजेपेक्षा जड. ओझे आपल्या वजनाच्या दशांशापेक्षा अधिक नसावे, असे जाणते सांगतात. ते का सांगतात, हे चढणीवर कळते.

वाचकहो, तुमच्यापैकी कोणाचा आज असाच पहिला दिवस असेल. पतीला मातीआड करून रिकाम्या घराचे कुलूप उघडणारी एखादी भगिनी असेल. दारूची बाटली मोरीत ओतून, थरथरत्या हातांनी संध्याकाळची वाट पाहणारा एखादा बंधू असेल. आपली भाषा कोणी बोलत नाही अशा दूरच्या शहरात नोकरीसाठी उतरलेला एखादा तरुण असेल. दुपार होते न होते तोच बळ सरते, आणि मन म्हणू लागते, “ही वाट माझी नव्हेच. देवाने मला बोलाविले असते, तर मी इतक्या लवकर थकलो असतो काय?”

एलीयाकडे पाहा. ईजबेलीच्या धमकीने भयभीत होऊन तो बैर-शेबा येथे आला, सेवकाला तेथेच ठेवून एकटा रानात शिरला आणि दिवसभर चालला. केवळ एक दिवस! तेवढ्यात तो झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवाच्या पर्वतापर्यंतचे चाळीस दिवस व चाळीस रात्री अजून पुढे होत्या. आणि हा कोण? ज्याच्या प्रार्थनेने कर्मेल डोंगरावर अग्नी उतरला, तोच हा संदेष्टा. तेव्हा पहिल्या दिवशी थकणे हा अविश्वासाचा पुरावा नव्हे.

देवाने काय केले, ते नीट लक्षात घ्या. देवदूताने एलीयाला प्रवचन दिले नाही, कर्मेलची आठवण देऊन लाजविले नाही. त्याने त्याला स्पर्श केला, आणि उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याचे भांडे ठेवलेले होते. एलीया जेवला आणि पुन्हा निजला. देवाने त्याला निजू दिले! दुसऱ्यांदा स्पर्श झाला, तेव्हाच पुढील वाट त्याच्या शक्तीपलीकडची आहे, हे दूताने सांगितले. आधी भाकर व झोप, मग वाटेची गोष्ट. चाळीस दिवसांचे बळ पहिल्या दिवसाच्या भाकरीतून आले.

उपदेश करणारे आम्ही येथेच चुकतो. थकलेल्याला आम्ही सल्ला देतो, वचने ऐकवितो. भाकर मात्र नेत नाही. दारू सोडलेला बंधू पुन्हा पडला म्हणजे त्याची चर्चा सर्व मंडळीत होते. पण त्याच्या पहिल्या संध्याकाळी त्याच्याजवळ जाऊन बसणारे आपल्यापैकी किती? या प्रश्नाने मी स्वतः खजील होतो.

आणखी एक गोष्ट. खिंड चढून गेल्यावर दिवस संपत नाही. बीच वृक्षांच्या रानातून तीव्र उतार लागतो, आणि चढणीने दमलेले गुडघे तेथे दुखू लागतात. एलीयाही कर्मेलच्या विजयानंतरच खचला. म्हणून ‘जिंकलो’ असे वाटते त्या घडीला काठी टाकू नका.

उताराच्या शेवटी रोन्सेसव्हायेस येते. बाराव्या शतकात तेथे यात्रेकरूंसाठी आश्रयगृह उभे राहिले, आणि आजही तेथे त्यांना निवारा मिळतो. सायंकाळच्या मिस्सानंतर धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात. अजून साडेसातशेहून अधिक किलोमीटर उरलेले असतात. तरीही आशीर्वाद आजच मिळतो. मुक्कामाला पोहोचल्याचे ते बक्षीस नव्हे, वाटेची ती शिदोरी आहे.

याकोबाचाही एक पहिला दिवस होता. गालील समुद्राकाठी तारू व पिता यांना सोडून तो प्रभूच्या मागे निघाला (मत्तय ४:२१-२२). शेवटी हेरोदाची तरवार आहे, हे त्याला कोठे ठाऊक होते? त्या दिवशी त्याला एवढेच ठाऊक होते, की बोलाविणारा पुढे चालत आहे. आपल्यालाही तेवढे पुरे आहे.

प्रार्थना : हे प्रभो, आज ज्यांचा पहिला दिवस आहे, त्यांच्या उशाशी तू भाकर ठेव, आणि ती घेऊन जाण्यास आमचे हात वापर. आमेन.