पाण्याची जागा आणि माणसांची

इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या पुराचा विचार करणाऱ्यांनी अमेरिकेतील पोर्टलंडशी संशोधनाचे नाते जोडून काय साधले, आणि त्यातून मुंबईच्या पदरात काय पडणार, असा सवाल एका निवृत्त अभियंत्यांनी परवा केला, तो मनातून जाईना. काँक्रीटखाली माती गुदमरली की पाणी मुरत नाही, हे आता सर्वश्रुत आहे. त्यावर शाई खर्चण्याचे कारण नाही. अभियंत्यांचे म्हणणे असे, की पाऊस, उतार आणि भरती ही ज्या त्या गावची असतात. २८ जून २०१२ रोजी न्यूकॅसल दोन तासांच्या सुमारे ५० मिलिमीटर पावसाने ठप्प झाले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झेलला.

पाण्याचे शास्त्र निराळे आणि पाण्याच्या जागेचा व्यवहार निराळा, हा भेद मला नेहमीच महत्त्वाचा वाटत आला आहे. न्यूकॅसलच्या टाइन नदीला आणि मुंबईच्या मिठीला प्रवाहाचे नियम एकच, तेव्हा शास्त्राला सरहद्द नाही, एवढे सांगून वाद मिटवावा असे मी ठरवले होते. परंतु शास्त्र तर मुंबईत केव्हाच येऊन पोहोचले होते. ब्रिटिश सल्लागारांच्या १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालात पर्जन्यजलवाहिन्यांची क्षमता ताशी २५ मिलिमीटरवरून ५० वर नेण्याची तजवीज होती. २००५चा प्रलय आला तेव्हा तिचा बराचसा भाग दफ्तरातच होता.

पोर्टलंडचा जॉन्सन क्रीक हा ओढा १९३०च्या दशकात दगडांनी बांधून काढला, तरी तो काठ सोडून वाहतच राहिला. शेवटी १९९७ पासून नगरपालिकेने, सक्तीचे भूसंपादन न करता, जे राजी होते त्यांच्याकडूनच पूरक्षेत्रातील घरे विकत घेण्याचा क्रम आरंभिला. सुमारे साठ कुटुंबे एकेक करून तेथून हलली, आणि २०१२ पर्यंत ओढ्याला पसरण्यास जमीन मिळाली. नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील 'ब्लू-ग्रीन सिटीज' संशोधनाने न्यूकॅसलबरोबर याही ओढ्याचा अभ्यास केला, आणि पाणी मुरवण्यासाठी रस्त्याकडेला केलेल्या झाडीच्या चरांविषयी पोर्टलंडच्या रहिवाशांना काय वाटते, हेही विचारले. हे विचारणे मला त्या साऱ्या उद्योगाचे मर्म वाटते, कारण आपल्या दारासमोरचा चर ज्याला नकोसा असेल, तो त्याची निगा कशाला राखील?

तेव्हा परदेशांशी देवघेव करायची ती प्रामुख्याने व्यवहाराची, आणि नेमक्या येथेच अभियंत्यांचा आक्षेप, त्यांनी योजिला नव्हता अशा ठिकाणी, खरा ठरतो. पोर्टलंडने घरे विकत घेतली, कारण विकणाऱ्याच्या हाती खरेदीखत होते. मिठीकाठच्या कित्येक झोपड्यांच्या मालकीचा असा दस्तऐवजच नाही. त्यांना मोबदला कोणत्या हक्काने द्यावा आणि रोजगारापासून न तोडता कोठे वसवावे, याचे उत्तर जॉन्सन क्रीकच्या काठी सापडणार नाही. ते मिठीच्या काठी बसूनच शोधावे लागेल. त्या कामी परदेशी संशोधकांना जरूर बोलवावे, मात्र प्रश्न आपण घालावा, आणि त्यांच्या पहिल्या बैठकीला जलशास्त्रज्ञांच्या शेजारी त्या वस्तीतली माणसे असावीत.